काहीही बिघडलं नव्हतं

२२ जानेवारी २०२५. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे या दोन स्थानकांच्या मधे, लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्स्प्रेस थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती आणि कुणीतरी साखळी ओढली होती. घाबरलेले प्रवासी खाली उतरले. त्यांतले काही शेजारच्या रुळावर गेले, आणि त्याच रुळावरून बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ माणसं गेली. त्यांत नेपाळहून आलेलेही होते. आग लागलेली नव्हती.

माझी सगळी नोकरी भुसावळ विभागात सिग्नल खात्यात झाली. जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा हा पट्टा मी पायी चाललेला आहे, उन्हातही आणि पावसातही. त्यामुळे अपघातानंतर गल्लीतले, नात्यातले लोक मलाच विचारायचे, ‘‘साहेब, काय बिघडलं होतं? सिग्नल फेल होता का?’’ मी सांगायचो, सिग्नल व्यवस्थित होता. मग ब्रेक? तोही लागला, म्हणून तर पुष्पक थांबली. साखळी? तिनं आपलं काम केलं. एखाद्या डब्याचा ब्रेक चाकाला धरून राहिला असेल आणि त्यातून ठिणग्या दिसल्या असतील, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. पण तेवढ्यानं माणूस मरत नाही. कर्नाटक एक्स्प्रेसचा मार्ग मोकळा होता, म्हणून तिला सिग्नल मिळालेला होता. पुष्पकच्या चालकानं नियमाप्रमाणे इंजिनावरचा फ्लॅशर लावला, समोरच्या चालकानं तो पाहून ब्रेक मारला, असं मध्य रेल्वेनं सांगितलं. मात्र तिथं वळण आहे, आणि त्या वळणामुळे लांबचं दिसणंही कमी झालं आणि थांबायला मिळणारं अंतरही.

म्हणजे ज्यानं जीव गेले असं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. लोकांना हे पटत नाही. अपघात झाला म्हणजे काहीतरी तुटलं असणार किंवा कुणीतरी चुकलं असणार, असंच आपल्याला वाटतं. मला स्वतःला ते तसं नाही हे कळायला नोकरीतली बरीच वर्षं लागली. आता हे सगळ्यांना सांगायला हवं असं वाटतं, कारण रेल्वेचं जे आहे तेच धरणाचं, दवाखान्यातल्या यंत्राचं आणि रोजच्या व्यवहारात शिरलेल्या प्रत्येक संगणकाचं आहे.

रेल्वेची मूळ कल्पना आधी समजून घेऊ, कारण ती फार सुंदर आहे. रुळाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी विजेच्या दृष्टीनं वेगळा केलेला असतो. त्याच्या एका टोकाला बॅटरीचा हलका प्रवाह सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले असतो, म्हणजे प्रवाह असेपर्यंत उचललेली राहणारी एक कळ. रूळ मोकळा असला की प्रवाह रुळांतून रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस हे दोन रूळ जोडून टाकतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. आता बॅटरी उतरली तर? प्रवाह नाही, रिले पडला, लाल. केबल तुटली? लाल. रूळच तडकला? बहुतेक वेळा तेव्हाही लाल. रिले पडतो तो स्वतःच्या वजनानं. त्याचे एका बाजूचे संपर्कबिंदू कार्बनचे असतात, म्हणजे ठिणगी पडली तरी ते वितळून चिकटत नाहीत. ज्यांनी हे रचलं त्यांनी यंत्र बिघडणार नाही अशी आशा धरली नाही. ते बिघडणारच हे त्यांनी गृहीत धरलं, आणि बिघडताना कुठल्या बाजूला पडावं एवढं ठरवून ठेवलं. आमच्या भाषेत याला सेफ साइड फेल्युअर म्हणतात. गुरुत्वाकर्षणाला सुट्टी नसते, म्हणून त्याच्यावर भरवसा.

खानदेशात या कल्पनेची परीक्षा पावसाळ्यात होते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होऊन खडीत चढते. ओल्या मातीतून प्रवाह एका रुळावरून दुसऱ्याकडे गळतो, रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही, आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो. मग फोन सुरू होतात. एका लाल सिग्नलमागे एक मेल, तिच्यामागे मालगाडी, तिच्यामागे पॅसेंजर. भुसावळच्या कंट्रोलमधून दर पाच मिनिटांनी विचारणा होते. अशा वेळी भर पावसात लोकेशन बॉक्स उघडून बसलेल्या मेंटेनरच्या हातात एक तार असते. ती नेमक्या दोन टोकांना लावली की रिले उचलला जाईल, सिग्नल सुटेल, फोन बंद होतील. आणि त्या क्षणापासून तो सिग्नल रूळ न बघता बोलायला लागेल. ती तार न लावणं हे माझ्या खात्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. त्यासाठी कुणाला पदक मिळत नाही. उलट त्या रात्रीचा खोळंबा त्याच्या नावावर लागतो.

म्हणून रिले रूमला दोन कुलपं असतात. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे आणि एक आमच्याकडे, बँकेच्या लॉकरसारखी. एकट्यानं आत जायचं नाही. आत जाण्याआधी कागदावर लिहून द्यायचं, की या या सांध्याचं (म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांचं), या या सिग्नलचं काम काढलं आहे, हे आता धरू नका. काम झालं की तपासून पुन्हा लिहून द्यायचं. नव्या पोरांना ही कारकुनी वाटते. मला ती लोखंडाइतकीच खरी वाटते, कारण जुन्या केबिनमध्ये हेच काम लोखंडानं व्हायचं. एक दांडा ओढला की त्याच्या खाचेत पट्टी बसायची आणि विरोधी मार्गाचा दांडा हलायचाच नाही, माणसानं कितीही जोर लावला तरी. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. पुढे लोखंडाची जागा रिलेंनी घेतली, रिलेंची संगणकानं. आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आहे. ३१ मे २०२३ पर्यंत देशातल्या ६,४२७ स्थानकांवर विजेवर किंवा संगणकावर चालणारं इंटरलॉकिंग बसवलेलं होतं. याचा फायदा झालेला आहे आणि तो मोठा आहे. रेल्वेच्या आकडेवारीप्रमाणे गंभीर गाडी-अपघात २०००-०१ साली ४७३ होते, ते २०२३-२४ साली ४० वर आले. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

आता परधाड्याकडे परत जाऊ. वरची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे गाडी थांबली की सगळे सुरक्षित. शंका आली, थांबवा. बिघाड झाला, थांबवा. साखळीमागचा विचारही तोच. पण दुहेरी मार्गावर दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर नव्या कामांत ५.३ मीटर ठेवतात, जुन्या ठिकाणी ते त्याहूनही कमी असतं. डबा सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे दोन गाड्यांच्या अंगांमध्ये दीड ते दोन मीटरची पट्टी उरते. घाबरलेल्या माणसांचा जमाव त्या पट्टीत उतरला की थांबलेली गाडी सुरक्षित असते, गाडीतली माणसं नसतात. ताशी १२० किलोमीटरच्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते आणि पूर्ण जोरानं ब्रेक मारला तरी तिला थांबायला एक किलोमीटरच्या आसपास जागा लागते. सिग्नलच्या तक्त्यात गाडी आहे, रूळ आहे, सांधा आहे, फाटक आहे. खाली उतरलेला प्रवासी त्या तक्त्यात कुठेच नाही. तो रुळावर आला तरी दोन रूळ जोडले जात नाहीत, रिले पडत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापक नॅन्सी लेव्हसन यांनी या विषयावर आयुष्य घालवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादा भाग भरवशाचा असणं वेगळं आणि सगळी व्यवस्था सुरक्षित असणं वेगळं. प्रत्येक भाग आपापलं काम चोख करत असताना सगळे मिळून माणूस मारू शकतात, कारण सुरक्षितता भागांत नसते, ती भागांच्या मधे असते. मी हे वाचलं तेव्हा मला पुस्तकातलं वाटलं. परधाड्यानंतर वाटलं नाही.

मधे काय असायला हवं होतं? सगळ्यात आधी, एक आवाज. ‘आग नाही, खाली उतरू नका, उतरलात तर या बाजूला उतरा’ एवढंच सांगणारा. वंदे भारतच्या डब्यात बटण दाबून चालकाशी बोलता येतं. आपल्या नेहमीच्या मेल-एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात मात्र गार्ड किंवा चालक प्रवाशांशी बोलू शकत नाही, आणि जिथं खरी बातमी पोचत नाही तिथं आवई पोचते. दुसरं, दोन इंजिनांमधला थेट निरोप. फ्लॅशर डोळ्यांना दिसावा लागतो आणि डोळे वळणापलीकडे पाहत नाहीत. ‘कवच’ ही आपली स्वदेशी यंत्रणा २०२० साली देशासाठी स्वीकारली गेली. तिच्यात संकटाचं बटण आहे. ते दाबलं की आसपासच्या गाड्यांना रेडिओवरून निरोप जातो आणि ब्रेक यंत्र स्वतः मारतं. वळण आड येत नाही. दक्षिण मध्य रेल्वेवर ती आधी सुमारे १,४६५ किलोमीटर मार्गावर बसली. ती आपल्याकडे यावी हे मी कुणालाही, कुठेही सांगायला तयार आहे. पण बटण दाबायला चालकाला आधी कळलं पाहिजे की माणसं खाली उतरली आहेत, आणि तो आवाज आजही त्याच्यापर्यंत पोचत नाही. यंत्र आणलं तरी मधली जागा उरतेच.

थांबणं म्हणजे सुरक्षित, हे निदान रेल्वेत बहुतेक वेळा खरं असतं. शेजारी हतनूरला बघा. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवजवळ होतो आणि त्याखाली भुसावळ तालुक्यात हे धरण आहे, ४१ दरवाजांचं. पावसाळ्यात जळगावच्या पेपरात ‘हतनूरचे दरवाजे उघडले’ ही बातमी आपण किती वेळा वाचतो. त्या दरवाजाची मोटर, तार किंवा नियंत्रण बिघडलं तर दरवाजा कुठे थांबावा? उघडा राहिला तर खालची गावं, पुढे धुळे जिल्ह्यातला सुलवाडे बंधारा, मग सारंगखेडा, प्रकाशा आणि शेवटी गुजरातेतलं उकाई, असा लोंढा एकावर एक चढत जातो. उकाईच्या विसर्गानं ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडालं, ते त्या शहरानं अजून विसरलेलं नाही. बंद राहिला तर पाणी धरणाच्याच उरावर. रेल्वेला लाल रंग आहे, धरणाला नाही. तिथं सुरक्षित अशी एकच एक स्थिती नाही, ती वरच्या पावसावर आणि खालच्या पाण्यावर तासातासाला बदलते. म्हणून तिथली सुरक्षितता दरवाजापेक्षा फोनवर जास्त अवलंबून आहे. वऱ्हाडातल्या आणि बऱ्हाणपूरकडच्या पावसाची बातमी हतनूरला कधी पोचते, हतनूरची सुलवाड्याला कधी, सुलवाड्याची पुढे कधी, यावर. विमानाचंही तसंच. ते हवेत थांबवता येत नाही.

आता संगणकाकडे येतो, कारण जळगाव-धुळ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून दर वर्षी बाहेर पडणारी मुलं बहुतेक त्याच कामाला लागतात. कधी कुणी बोलावलं की मी त्यांना थेरॅक-२५ ची गोष्ट सांगतो. कॅनडात बनलेलं हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. त्याच्या आधीच्या थेरॅक-२० मध्ये किरणांचा जोर आणि त्यांच्या वाटेतला पडदा यांचा मेळ चुकला तर यंत्र अडवणारं इंटरलॉकिंग होतं, आमच्या जुन्या केबिनसारखं, खऱ्याखुऱ्या वस्तूंचं. नव्या यंत्रात ते काढलं आणि ते काम प्रोग्रामवर सोपवलं. प्रोग्राम बराचसा जुनाच. जुन्या यंत्रावर तो वर्षानुवर्षं चालला होता, म्हणून तो निर्दोष आहे असं धरलं गेलं. त्यात चुका होत्याच, फक्त त्या जुन्या यंत्रात लोखंड झेलत होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट किरण बसले. किमान तीन जण त्यात गेले. कंपनीला आणि दवाखान्यांना बराच काळ वाटत राहिलं, की यंत्राकडून असं होऊच शकत नाही.

मुलं म्हणतात, सर, मग दोन संगणक ठेवावेत. ठेवतातच. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमध्ये दोन किंवा तीन प्रोसेसर एकच गणित स्वतंत्रपणे करतात, उत्तर जुळलं नाही तर सिग्नल लालवर जातो. यंत्राचा तुकडा खराब झाला तर हे उत्तम चालतं. पण दोघांना एकच चुकीचा प्रोग्राम दिला तर दोघं मिळून, अगदी एकमतानं, चुकतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. त्यात दिशा सांगणारे दोन संगणक होते, दोन्हींत एरियन-४ वरून उचललेला तोच प्रोग्राम होता, आणि नव्या रॉकेटच्या वेगाचा आकडा त्या प्रोग्राममध्ये मावेना. दोन्ही एकाच कारणानं बंद पडले.

पण माझ्या मते संगणकाच्या पोटातल्या चुकीपेक्षा मोठा धोका त्याच्या दाराशी असतो. २ जून २०२३, ओडिशातल्या बालासोरजवळचं बहानगा बाजार स्थानक. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या मार्गाकडे, वळलेला होता आणि लूपवर लोहखनिजानं भरलेली मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. संगणकाला सांधा मुख्य मार्गाकडे दिसत होता, म्हणून त्यानं हिरवा दिला. त्याला जे सांगितलं गेलं त्यावर त्यानं अचूक काम केलं. त्याला खोटं सांगत होत्या त्या तारा. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालानं बोट ठेवलं ते दोन गोष्टींवर. सिग्नल गुमटीत, म्हणजे रुळाकाठच्या तारांच्या खोलीत, आधी कधीतरी केलेल्या सर्किटच्या बदलातली कसूर, आणि त्या दिवशी फाटक क्रमांक ९४ चं विजेवर चालणारं फाटक बदलण्याच्या कामातली कसूर. तारांवरच्या चिठ्ठ्या प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या. अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. सुमारे वर्षभर आधी, १६ मे २०२२ रोजी, खरगपूर विभागातल्याच बांकरा नयाबाज स्थानकावर चुकीच्या वायरिंगमुळे गाडी सिग्नलनं दाखवलेल्या मार्गाऐवजी दुसऱ्या मार्गावर गेली होती. कुणी मेलं नाही. त्या घटनेनंतर दुरुस्तीचे उपाय झाले असते तर बहानगा घडलं नसतं, असं अहवाल म्हणतो.

कुणी मेलं नाही अशा घटनेची चौकशी मेल्याइतक्याच कळकळीनं व्हायला हवी, आणि ती तशी होत नाही. न घडलेल्या अपघाताला बातमी नसते, मोर्चा नसतो, नुकसानभरपाई नसते. त्याचा कागद फाइलीत जातो.

लंडनमध्ये क्लॅफम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी ३५ माणसं गेली. तिथंही वायरिंगच बदललेलं. एका तंत्रज्ञानं जुनी तार एका टोकाला सोडवली, पण कापून, गुंडाळून बाजूला बांधली नाही. दोन आठवड्यांनी, ११ डिसेंबरला, शेजारच्या रिलेचं काम करताना ती हलली आणि तिचं उघडं टोक जुन्याच जागी टेकलं. समोर गाडी उभी असतानाही सिग्नलला रूळ मोकळा वाटू लागला. काम करणारा तंत्रज्ञ नवखा नव्हता. तेरा आठवड्यांत त्यानं एकच सुट्टी घेतली होती. आणि ज्यानं दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे तारा मोजायच्या, त्यानं त्या मोजल्या नव्हत्या. चौकशी करणारे अँथनी हिडन तंत्रज्ञापाशी थांबले नाहीत. त्याच्या वरचे लोक, त्यांचं वेळापत्रक, शिकवणीची पद्धत, सुट्ट्या, सगळं त्यांनी तपासलं. आपल्याकडे चौकशी कुठे थांबते हे मी लिहायची गरज नाही.

तारा मोजणं म्हणजे काय, ते सांगतो. नकाशात एका टर्मिनलवर दोन तारा दाखवल्या असतील तर प्रत्यक्षात तिथं दोनच हव्यात. तीन दिसल्या तर काम बंद. तिसरी कुठून आली हे कळेपर्यंत गाडी सोडायची नाही. बस, एवढंच. यात बुद्धीचं काम नाही, चिकाटीचं आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मेंटेनरना सगळे आप्पा म्हणत. धुळ्याकडचे. शाळा फारशी झालेली नाही, पण खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. मी नकाशा उघडला की ते म्हणायचे, ‘‘कागद काहीबी सांगस भो, तार मोज.’’ एका स्थानकात तिसऱ्या मार्गासाठी खोदताना जेसीबीनं केबल उचकटली होती. रातोरात जोडणी झाली, दिवे लागले, स्थानकातल्या नियंत्रण पॅनलवर सगळं बरोबर दिसत होतं. आप्पा ऐकेनात. एका माणसाला त्यांनी बॅटरी देऊन सांध्यावर उभं केलं, मला पॅनलसमोर. मी सांधा फिरवायचा, त्यानं डोळ्यांनी बघून फोनवर सांगायचं, पॅनल काय दाखवतं ते मी सांगायचं. एक-एक सांधा, दोन्ही दिशांना. त्यातल्या एकाचं जुळलं नाही. पॅनल सरळ म्हणत होतं, सांधा वळलेला होता. केबलमधल्या दोन तारांची अदलाबदल झालेली होती. सकाळी पहिली गाडी उशिरा सुटली आणि त्या उशिराचा जाब आप्पांना द्यावा लागला.

या तपासणीला करस्पाँडन्स टेस्ट म्हणतात, आणि ती करणारा माणूस ज्यानं जोडणी केली तोच असता कामा नये. ज्यानं जोडलं त्याच्या डोळ्यांना त्याच्या मनातला नकाशा दिसतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगतो. तुमचा प्रोग्राम दुसऱ्यानं तपासावा. तपासणारा तुमच्या वेळापत्रकाला बांधलेला नसावा, आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्याच्याकडे असावा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अधिकार नसलेला तपासनीस म्हणजे सही करणारा माणूस.

हे सगळं आत्ता लिहायला कारण आहे. खानदेशात रेल्वेचं एवढं काम माझ्या हयातीत निघालेलं नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं जळगाव–मनमाड चौथ्या मार्गाला, १६० किलोमीटर, आणि भुसावळ–खांडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गाला, १३१ किलोमीटर, मंजुरी दिली. त्याआधी सप्टेंबरमध्ये मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला. तो धुळे, शिरपूरवरून जाणार. धुळेकरांनी चाळीसगावच्या फाट्यावर पिढ्या काढल्या, त्यांचा आनंद मला समजतो. पण अभियंता म्हणून बघितलं तर ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. धुळ्याकडचा नवा मार्ग कोरा आहे. तिथं कुठली तार कुठून आली हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवता येईल, खाली उतरलेल्या माणसासाठी दोन रुळांत किती जागा ठेवायची याचाही विचार आत्ताच करता येईल. जळगाव–मनमाडवर मात्र गाड्या धावत असताना, प्रत्येक स्थानकाचं जुनं वायरिंग उकलून त्यात नवा मार्ग शिवायचा आहे. तिथल्या गुमट्यांत निरनिराळ्या काळांतल्या, निरनिराळ्या हातांच्या तारा आहेत. बहानगा आणि क्लॅफम दोन्ही अशाच कामांतून निघाले. रोज चालणारी व्यवस्था ज्या दिवशी बदलतात तो तिचा सगळ्यात धोक्याचा दिवस असतो.

ही कामं होतात तेव्हा काही तास मार्ग बंद ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मग पेपरात यादी येते, ब्लॉकमुळे अमुक गाड्या रद्द, तमुक गाड्या मनमाडपर्यंतच. लोक चिडतात. लग्नाची, परीक्षेची, दवाखान्याची माणसं अडकतात, त्यांचं चिडणं खरं आहे. त्या तासांत आत काय चालतं हे त्यांना कुणी सांगत नाही. रूळ जोडणं, सांधा बसवणं हे दिसणारं काम आधी होतं. ते लांबलं की कात्री लागते शेवटच्या कामाला, आणि शेवटचं काम असतं तपासणी. ठरल्या वेळेआधी ब्लॉक उठवला म्हणून पाठ थोपटल्याचे फोटो मी पाहिलेले आहेत. जास्तीची तपासणी करायची म्हणून ब्लॉक लांबवला आणि त्याबद्दल कुणाचा सत्कार झाला, असं एकदाही पाहिलेलं नाही.

माझं मागणं साधं आहे. ब्लॉक जाहीर करताना बांधकामाचे तास आणि तपासणीचे तास वेगळे जाहीर करावेत. बांधकाम लांबलं तर ब्लॉक तितकाच लांबावा, तपासणीचे तास तसेच राहावेत. सांध्यावर उभा राहणारा आणि पॅनलसमोर बसणारा, दोघंही जोडणी करणाऱ्या टोळीबाहेरचे असावेत, आणि आदल्या रात्री झोपलेले असावेत. त्यांच्यातल्या कुणीही ‘जुळत नाही’ म्हटलं तर भुसावळहून कितीही फोन आले तरी गाडी सोडू नये. शिरसोलीपासून नांदगावपर्यंतच्या प्रत्येक स्थानकावर हे ब्लॉक यायचे आहेत. कुठल्या दिवशी कुणी तारा मोजायच्या, त्याची नावं आत्तापासून ठरवता येतील.